खळ्यातली खोललेली जीप

आमच्या लग्नाला सासरच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, मांडव घातला होता. लग्न झाल्यावर तो सगळा काढला गेला नाही. सासऱ्यांनी त्याचा एक कोपरा राखून ठेवला. चार वासे, वर माडाच्या झावळ्यांची विणलेली चुडतं आणि त्यांच्या सावलीत एक जीप. मी माप ओलांडून घरात शिरले तेव्हा ती माझ्या डाव्या हाताला होती. तिला चाकं नव्हती. चिऱ्यांवर तिचा सांगाडा टेकवलेला होता आणि बसायच्या जागेवर कुणीतरी लग्नातली जाजमं रचून ठेवली होती.

माझं माहेर सावंतवाडीचं. तळ्याकाठच्या रस्त्याने मोटारी जाताना मी पाहिलेल्या होत्या, पण घरात मोटार असलेलं एकही माणूस आमच्या ओळखीत नव्हतं. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या सासरी मोटार आहे म्हणे. आहे, मी म्हणायची, पण ती चालत नाही.

सासरच्या वाडीपासून मोटाररस्ता बराच लांब होता. मालवणहून कट्टा गावाकडे जाणारी बस वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, थांबायची आणि तिथून पाणंदीने खाली उतरावं लागायचं. सासरे लढाईच्या काळात सैन्यात ड्रायव्हर होते. परत आल्यावर एका खाजगी मोटारवाल्याकडे त्यांनी बस चालवली. पुढे सरकारी गाड्या आल्या, खाजगी बंद पडल्या आणि ते घरी बसले. बसले म्हणजे शेती बघत होते, पण शेतीत त्यांचं मन नव्हतं. घाटाखालच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे ही जीप वखारीमागे पडून होती. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. व्यापारी म्हणाला, घेऊन जायची तर घेऊन जा. सासऱ्यांनी ती बैल जुंपून घरी आणली. अख्खी वाडी बघायला बाहेर आली होती, असं सासूबाई सांगायच्या. सांगताना अजूनही त्यांच्या तोंडावर तेव्हाची लाज दिसायची.

"बैल मोटार वडतत, ह्या फक्त आमच्याच घरात," त्या म्हणायच्या.

त्यांनी एकदा नवऱ्याला सरळ विचारलं होतं, ही कशाला आणलीत. सासरे म्हणाले होते, "सगळो जल्म दुसऱ्याची गाडी चलवलंय. ही एक माझी." पण खळ्यात वाळवण घालायला जागा उरली नाही आणि उकड्या तांदळाला रॉकेलचा वास लागतो, ही सासूबाईंची कुरकुर मात्र चालू राहिली.

आमचे हे मुंबईला गोदीत कारकून होते. लग्नानंतर रजा संपली आणि ते बोटीने परत गेले. मुंबईत जागा नव्हती, म्हणून मी गावीच राहिले. नवी सून, नवं घर. सासूबाई प्रेमळ होत्या पण कामात असत. माझ्याशी माणसासारखं बोलणारं त्या दिवसांत कुणी असेल तर ते सासरे होते, तेही फारसं बोलत नसत. सकाळची पेज झाली की ते खळ्यात जाऊन बसायचे. मी रॉकेल नेऊन द्यायची, चहा नेऊन द्यायची. मग एक दिवस त्यांनी मला पाना हातात दिला आणि म्हणाले, "हय धर गो चेडवा. सोडू नको." मी धरला. दुसऱ्या बाजूने त्यांनी जोर लावला आणि गंजलेला बोल्ट कर्रकन सुटला. मला उगीचच आनंद झाला. तेव्हापासून मी रोज थोडा वेळ धरायला जाऊ लागले.

त्यांनी जीप पूर्ण खोलली होती. इंजिन, गिअरचा डबा, पुढच्या चाकांना ताकद देणारा दुसरा लहान डबा, स्प्रिंगांचे पाटे, सगळं. प्रत्येक भाग घमेल्यात रॉकेलने धुवायचा, काचपेपरने घासायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि गोणपाटावर ठेवायचा. गोणपाटं मांडवाखाली ओळीने पसरलेली होती. मला तो पसारा वाटायचा. पण झाडताना मी एखादी वस्तू हलवली की ते काही न बोलता उठून ती परत होती तिथे ठेवायचे. कागदावर त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. काय कुठलं आणि कशानंतर काय जोडायचं, ते त्यांना ठाऊक होतं. नसलेले भाग शोधायला ते बसने कोल्हापूरपर्यंत जाऊन आले आणि जुन्या बाजारातून पोतंभर लोखंड घेऊन आले.

"जोडून झाली की पयली खंय नेशात?" मी एकदा विचारलं.

ते थोडा वेळ हातातला भाग पुसत राहिले. मग म्हणाले, "सड्यार. आणि परत खाली."

एवढंच. मला वाटलं होतं कुणकेश्वराला म्हणतील, नाहीतर सावंतवाडीला, माझ्या माहेरी.

त्या वर्षी भातं झोडून झाली, गवताच्या कुड्या रचून झाल्या आणि सासऱ्यांनी इंजिन जोडायला घेतलं. पिस्टन बसले. वरचं झाकण बसवायचं होतं, पण त्याच्या खाली घालायचं पॅकिंग फाटलेलं होतं. सकाळची वेळ होती. मी झाकणाची एक बाजू धरून उभी होते. ते वाकून बघत म्हणाले, "ह्या चलाचा नाय. बुधवारी कट्ट्याक जातंय, पॅकिंगचो कागद गावता काय बघतंय."

मग ते सरळ उभे राहिले. त्यांच्या उजव्या हातातून पाना खाली पडला. त्यांनी पान्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"बुधवार," ते म्हणाले.

"होय बाबा, बुधवारी जावा," मी म्हटलं.

"बुधवार," ते पुन्हा म्हणाले आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी झाकण टाकून त्यांना धरलं. ते माझ्यापेक्षा जड होते. आम्ही दोघंही गोणपाटावर बसलो, म्हणजे कोसळलोच. मी सासूबाईंना हाक मारली. त्या विहिरीवर होत्या. कळशी तिथेच टाकून त्या धावत आल्या.

वाडीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून, खुर्चीला बांबू बांधून पाणंदीने सड्यावर नेलं. तिथून बसने मालवणला. चढ चढताना ते खुर्चीत एका बाजूला झुकत होते आणि मी बाजूने चालत त्यांचं डोकं सरळ धरत होते. सगळ्या वाटेने ते एकच शब्द बोलत होते.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी तपासलं आणि आम्हाला बाहेर बसवून सांगितलं, "उजवं अंग गेलंय. पायात थोडी ताकद परत येईल. बोलण्याचं मात्र मी सांगू शकत नाही. त्यांना कळतंय सगळं, पण शब्द सापडत नाहीत."

"कळता तर बोलनत कित्याक नाय?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी तेच पुन्हा निराळ्या शब्दांत सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली, पण घरी येईपर्यंत त्या मला तोच प्रश्न विचारत राहिल्या.

तार करून यांना बोलावलं. बोट मालवणच्या बंदरात लागली आणि हे होडीतून उतरून थेट घरी आले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघून डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "बुधवार." त्या एका शब्दात कधी आलास, बरा आहेस ना, असं सगळं होतं. यांना माहीत नव्हतं. हे म्हणाले, "आज शुक्रवार बाबा." मी मागून यांचा सदरा ओढला.

तो एकच शब्द त्यांच्याजवळ राहिला होता. तहान लागली तरी बुधवार, उशी वर करायची असली तरी बुधवार. रागावले की तो शब्द ते दातांवर आपटायचे. सासूबाईंनी अंग पुसून दिलं की तोच शब्द इतका हळू म्हणायचे की मी आत निघून जायची. भेटायला येणारी माणसं सुरुवातीला हसू दाबायची. काही जण मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं, त्यांना वार समजावून सांगायची. आज सोमवार, काल रविवार होता. सासरे डोळे मिटून घ्यायचे.

आम्ही म्हटलं, बोलता येत नाही तर मानेने सांगतील. पण तेही फसवं निघालं. पेज हवी का विचारलं तर होय म्हणून मान हलवायचे, आणि वाटी तोंडाजवळ नेली की डाव्या हाताने ढकलून द्यायचे. होय आणि नाही यांची अदलाबदल व्हायची, तीही नेहमी नाही. कधी होय म्हणजे होयच असायचं. सासूबाई एकदा वाटी हातात धरून तशाच बसून राहिल्या. "माका सांगा मी काय करू," त्या म्हणाल्या. सांगणार कोण होतं?

त्यांची बाज आम्ही ओटीवर टाकली होती. तिथे वारा होता आणि समोर जीप. ते दिवसभर तिच्याकडे बघत पडायचे. यांचं म्हणणं होतं की बघून त्रास होत असेल, तोंड आतल्या बाजूला करू या. आम्ही बाज फिरवली. सासऱ्यांनी भिंतीवर मूठ आपटायला सुरुवात केली. आम्ही ती परत फिरवली. रजा संपली आणि हे गेले. जाताना मला पाणंदीच्या तोंडाशी थांबवून म्हणाले, "बाबांका काय व्हया ता तुका कळता ना?"

"नाय," मी म्हटलं.

"माका वाटलेला, तुका कळता."

ते चढ चढून गेले आणि मी खाली आले.

शिमगा झाला. सासरे काठी घेऊन, उजवा पाय ओढत ओटीच्या कडेपर्यंत येऊ लागले. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. उन्हं वाढली, काजूचे दिवस संपत आले. पावसाच्या आधीची कामं सुरू झाली आणि सासूबाईंची नजर मांडवाकडे वळली. चुडतं कुजली होती. पाऊस लागला की सगळं लोखंड भिजणार होतं. त्यांनी माझ्याशी बोलून ठेवलं होतं की एक दिवस ते सगळं उचलून माळ्यावर ठेवू. मीही बरं म्हटलं होतं. गोष्ट खरीच होती.

मी व्हाळावर धुणं घेऊन गेले होते. परत येताना पाणंदीतच आवाज कानावर आला. सासरे ओरडत होते. इतक्या मोठ्याने ते आजारी पडल्यापासून ओरडले नव्हते. मी धावत खळ्यात आले. सासूबाई आणि कामाला येणारी बाई गोणपाटं उचलून बांबूच्या हाऱ्यांत रिकामी करत होत्या. एका हाऱ्यात दोन-तीन गोणपाटांवरचं सगळं एकत्र पडलं होतं. नट, रिंगा, दातेरी चक्रं, सगळं. आणि सासूबाई मान वर न करता म्हणत होत्या, "हाडतंय ओ, पेज हाडतंय. जरा दम धरा." त्यांना वाटत होतं सासऱ्यांना भूक लागली आहे.

"आई, थांबा. तेंनी मांडून ठेवलेला ता," मी म्हटलं.

सासूबाई हारा टाकून उभ्या राहिल्या. त्यांनी खाली बघितलं, मग ओटीवर. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "मगे काय करू?" त्या म्हणाल्या. "पावसात ठेवू? गंजान जातला सगळा. माझा काय चुकला?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. उरलेली गोणपाटं आम्ही दोघींनी कडा धरून, हलू न देता पडवीत नेली. पण हाऱ्यातलं हाऱ्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तो हारा ओटीवर सासऱ्यांपुढे ठेवला. खाली कोरं गोणपाट पसरलं. म्हटलं, "बाबा, तुमी सांगा, मी ठेवतंय." ते बराच वेळ हाऱ्यात बघत राहिले. मग डाव्या हाताने एक चक्र काढलं आणि गोणपाटाच्या एका कडेला ठेवलं. त्याच्याजवळ एक रिंग. मग एक लांबट खिळीसारखा भाग. मला वाटलं, जमतंय. त्यांनी आणखी एक चक्र काढलं, पहिल्याशेजारी धरलं, आणि थांबले. पहिलं उचललं, त्या जागी दुसरं ठेवलं. पुन्हा बदललं. रिंग हातात घेऊन उलटसुलट बघितली. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते माझ्याकडे बघू लागले, जणू मीच त्यांना सांगायला हवं. शेवटी त्यांनी पालथ्या हाताने सगळं एकत्र लोटून दिलं.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळतंय सगळं, फक्त बोलता येत नाही. इतके महिने आम्ही त्यावर विसंबून होतो. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की कदाचित त्यांनाही आता आठवत नसेल. की आठवत होतं पण हाताला शब्दासारखंच काही सापडत नव्हतं? यातलं खरं कुठलं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही. सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. "काय म्हणाले?" त्यांनी चुलीपुढून विचारलं. "दमले," मी म्हटलं.

मे महिन्यात हे पुन्हा आले आणि येताना सावंतवाडीचा एक मिस्त्री घेऊन आले. मोटारी दुरुस्त करणारा, मधल्या वयाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. यांचा विचार असा की जीप चालू झाली तर बाबांना उभारी येईल. मलाही ते पटलं. पटण्यासारखं आमच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मिस्त्रीने पडवीत बसून सगळं सामान बघितलं. अर्धा दिवस तो नुसता बघतच होता. मग यांना बाजूला घेऊन म्हणाला, "ह्या सामान एका गाडयेचा नाय. दोन, कदाचित तीन गाडयांचा. कायतरी घासून, कायतरी भोक मोठा करून काकांनी बसवचा ठरवलेला. कसा, ता तेंकाच म्हायत."

"तुमका जमात?" यांनी विचारलं.

"बघूया," तो म्हणाला.

त्याने काम सुरू केलं. सासऱ्यांची खुर्ची आम्ही पडवीत आणून ठेवली. मिस्त्री एक भाग उचलून दुसऱ्यात बसवायला गेला की ते म्हणायचे, "बुधवार!" तो थांबायचा. भाग वर धरून विचारायचा, "ह्या नाय? मगे ह्या?" सासरे मान हलवायचे. ते होय होतं की नाही, हे त्याला कळत नव्हतं, आम्हालाही नाही. तो दुसरा भाग घ्यायचा. पुन्हा तोच शब्द. माणूस चांगला होता, एकदाही वैतागला नाही. उलट दर वेळी तो खाली ठेवून नव्याने विचारायचा. तेच जास्त वाईट होत गेलं. दुपारपर्यंत सासऱ्यांचा आवाज बसला. ते खुर्चीतून पुढे वाकून डाव्या हाताने मिस्त्रीचा हात धरायला बघत होते आणि हात पोचत नव्हता. आणि मग ते थांबले. मागे टेकले. मिस्त्रीने पुढचा भाग दाखवला तेव्हा त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. मी त्याला चहा दिला. पायरीवर बसून त्याने तो संपवला आणि म्हणाला, "वैनी, माका हेंच्यासमोर ह्या काम करूक जमाचा नाय. आणि हेंच्या मागसून केलंय तर ती तेंची गाडी होवची नाय." यांनी त्याला आग्रह केला नाही. निघण्यापूर्वी त्याने एवढं केलं की चाकं बसवून दिली आणि स्टिअरिंग जाग्यावर लावून दिलं. चाकांचं सामान वेगळं राहिलं होतं, त्यात गोंधळ नव्हता.

म्हणजे आता इंजिन नसलेली, पण चार चाकांवर उभी जीप खळ्यात होती. ती तशी उभी बघून वाडीतली माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, बाबांना बसवू या, आपण ढकलू. हे माझ्याकडे बघू लागले. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "बसवा. तेवढा तरी सूख."

दोघांनी सासऱ्यांना उचलून चालवायच्या जागेवर बसवलं. सीट नव्हती, मी घोंगडी घडी करून घातली. त्यांनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि त्यांची पाठ सरळ झाली. मी त्यांना गाडी चालवताना कधीच पाहिलं नव्हतं. ते इतके उंच आहेत हेही मला त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. लोकांनी मागून रेटा दिला. जीप हलली. खळ्याच्या मधून, तुळशीला वळसा घालून ती निघाली आणि सासरे एका हाताने ती नीट वळवत होते. सगळे हसत होते, सासूबाईसुद्धा. हे बाजूने चालत होते.

पलीकडे खळं पाणंदीकडे उतरतं. तिथे जीपने थोडी गती घेतली. मागचे हात सुटले. फार जोरात नव्हती, चालणारा माणूस पळायला लागेल एवढीच. हे "बाबा, बाबा" करत बाजूने धावले. ब्रेक जोडलेलाच नव्हता, पण ते त्या क्षणी कुणाच्या ध्यानात नव्हतं. जीप कुंपणाच्या गडग्याला जाऊन टेकली. दोन-चार चिरे खाली आले. कुणाला काही लागलं नाही.

मी पोचले तेव्हा सासरे खाली बघत होते. त्यांचा उजवा पाय होता तिथेच होता, बाजूला वळलेला. त्यांनी स्टिअरिंग सोडलं, डाव्या हाताने धोतरासकट उजव्या पायाचा गुडघा धरला, पाय उचलला आणि पुढे नेऊन ब्रेकच्या पेडलवर ठेवला. जीप केव्हाची थांबलेली होती. पाय ब्रेकवर ठेवून ते तसेच बसून राहिले. त्यांना उतरवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. तो एक शब्दसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी बाजेला काठीने ढोसून ढोसून आम्हाला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पाणी दिलं, उशी बदलली, पंखा घेतला. शेवटी ते स्वतःच बाजेला खांदा लावून रेटू लागले, तेव्हा कळलं. आम्ही बाज भिंतीकडे फिरवून दिली. हे ओटीच्या खांबाला टेकून उभे होते. "आपण कित्याक केला ह्या," ते म्हणाले. वाईट करायचं म्हणून कुणीच काही केलं नव्हतं.

पाऊस लागला. हे मुंबईला गेले. जीप आम्ही जुन्या चटयांनी झाकली. पावसाळाभर सासरे भिंतीकडे तोंड करून पडायचे, नाहीतर आत चुलीजवळ येऊन बसायचे. सासूबाईंनी त्यांच्यापुढे वाल सोलायला ठेवले तर ते एका हाताने सोलत. त्यांच्या शब्दाची आम्हाला सवय झाली. आवाजावरून मी पुष्कळदा अंदाज करायची. पुष्कळदा तो बरोबर यायचा, आणि पुष्कळदा मी चुकायची. चुकल्यावर ते पूर्वीसारखे रागावत नसत, जे दिलं ते घेत. मला ते रागावलेले परवडले असते.

पुढच्या वर्षी कुडाळच्या बाजूचा एक गॅरेजवाला जीपची चौकशी करत आला. त्याला सुट्या भागांसाठी ती हवी होती. यांनी पत्राने होकार कळवला. सासऱ्यांना कसं सांगावं, यावर मी आणि सासूबाई दोन-तीन दिवस एकमेकींवर ढकलत होतो. शेवटी सासूबाईंनी त्यांच्याजवळ बसून सांगितलं. त्यांनी ऐकलं. मान हलवली. होय की नाही, कोण जाणे.

बैलगाड्या आल्या तेव्हा ते आपणहून काठी टेकत खळ्यात उतरले. माणसं सांगाडा फळ्यांवरून चढवत होती, हारे उचलून ठेवत होती. सासरे गॅरेजवाल्याजवळ गेले. त्याची बाही धरून त्यांनी त्याला एका हाऱ्यापाशी आणलं आणि काठीने एक लहानसा भाग दाखवला. मग ते बोलू लागले. बुधवार, बुधवार. रागाने नाही, हट्टाने नाही. मध्ये थांबत, पुन्हा सुरू करत, आवाज खालीवर करत, एखादा माणूस दुसऱ्याला काम समजावून सांगतो तसं. बराच वेळ ते बोलले. गॅरेजवाला उन्हात उभा राहून ऐकत होता. त्याने माणसांना हाताने थांबवलं होतं. "होय काका," तो मधून मधून म्हणत होता. "बरा काका."

बोलून झाल्यावर सासऱ्यांनी त्याची बाही सोडली. गाड्या निघाल्या. मी पाणंदीच्या तोंडापर्यंत गेले आणि त्याला विचारलं, "काय सांगत होते, तुमका कळला?"

"नाय गो बाय," तो म्हणाला. "पण कामाचा कायतरी होता."

दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. सासरे जेवायला बसले, भात कालवून खाऊ लागले. संपल्यावर त्यांनी ताट सासूबाईंकडे सरकवलं. त्यांनी आणखी भात वाढला, वर रस्सा घातला. तोही त्यांनी खाल्ला. सासूबाई आत येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "जेवले गो, पोटभर जेवले," आणि पदराने डोळे पुसले. मी दारातून बघितलं. ते हात धुवायला पाण्याची वाट बघत बसले होते. बरं वाटत होतं की वाईट, त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही सांगता आलं नसतं. मी तांब्या घेऊन गेले आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं.